खोकलाच तर आहे!

बरगडी मोडली त्या वेळी मी वर्तमानपत्र वाचत होतो. कुठं पडलो नव्हतो, धडपडलो नव्हतो, काही जड उचललं नव्हतं. २०२२ सालच्या श्रावणातला रविवार होता. चहा झाला होता, पुरवणी उघडली होती आणि नेहमीची उबळ आली. गेले दहा महिने ती येतच होती, त्यामुळे घरात कुणी मान वर करून बघण्याचा प्रश्न नव्हता. पाचव्या-सहाव्या ठसक्याला उजव्या कुशीत कट्‌कन काहीतरी झालं. आवाज ऐकू आला की नुसता जाणवला, हे मला आजही सांगता येत नाही. पुढच्या ठसक्याला मात्र डोळ्यांपुढं काजवे चमकले. बायकोला हाक मारायला गेलो, तर हाक मारण्यापुरता श्वासही आत घेववेना.

बँकेतल्या जुन्या मित्रांना बातमी कळली आणि फोन सुरू झाले. "खोकून कुठं बरगडी मोडते होय रे? वहिनींनी लाटणं हाणलं असेल तर तसं सांग, आम्ही कुणाला बोलणार नाही!" मीही हसलो, म्हणजे हसायला गेलो. मोडक्या बरगडीनं हसता येत नाही, हे त्या आठवड्यात मला कळलेलं पहिलं वैद्यकीय सत्य. शिंकता येत नाही, हे दुसरं. आणि खोकला तर थांबलेला नव्हताच.

पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही. 'स्नायू दुखावला असेल' म्हणून लावायला मलम मिळालं. अडीच आठवड्यांनी दुसरा एक्सरे काढला, तेव्हा सातव्या बरगडीवर सांधू लागलेल्या हाडाची गाठ दिसली. यात नवल काही नाही, हे पुढं वाचनात आलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली खोकल्यानं बरगडी मोडलेल्या ५४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक बायका होत्या, आणि पुष्कळांचं मोडलेलं हाड साध्या एक्सरेत दिसलंच नव्हतं. हाडं ठिसूळ झालेली असली तर मोडणं सोपं. पण चांगली हाडंही मोडतात.

खोकला ही खरं तर शरीरानं केलेली फार शहाणपणाची व्यवस्था आहे. आधी खोल श्वास घ्यायचा, मग स्वरयंत्राचं दार बंद करायचं, मग छातीपोटाचे सगळे स्नायू आवळून आत दाब वाढवायचा आणि दार एकदम उघडून द्यायचं. जोराच्या खोकल्यात छातीतला हा दाब पाऱ्याच्या ३०० मिलीमीटरपर्यंत चढू शकतो. रक्तदाबाचा वरचा आकडा १४० झाला की आपण लोणच्याची बरणी फळीवर वर सरकवतो. इथं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तेही दिवसातून शेकडो वेळा. घशात चुकून गेलेला शेंगदाणा बाहेर काढण्यासाठी दिलेलं यंत्र रात्रंदिवस चालू राहिलं, तर घराच्या भिंती हलायच्याच. वरचे स्नायू बरगडीला एकीकडं ओढतात, पोटाचे दुसरीकडं. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, तसं त्या हाडाचं होतं.

बरं, हा दाब काही फक्त बरगडीवरच पडत नाही. कुणाच्या डोळ्यातली बारीक रक्तवाहिनी फुटून पांढऱ्यावर लाल डाग पडतो. कुणाचं जेवल्याबरोबर सगळं बाहेर येतं. कुणाचं आतडं जांघेत उतरतं. हर्निया तपासताना डॉक्टर जांघेवर बोटं ठेवून 'खोका' म्हणतात, ते उगीच नव्हे.

आमच्या एका शाखेत एक हेड कॅशियर होते. धिप्पाड, दिलदार, विडीचे शौकीन. खोकायला लागले की चेहरा लालबुंद व्हायचा. एका दुपारी काउंटरवर नोटा मोजताना त्यांना उबळ आली आणि माणूस बसल्या जागी टेबलावर कोसळला. नोटा विखुरल्या. हार्ट अटॅक म्हणून एकच ओरडा झाला. शिपाई रिक्षा आणायला धावला, तेवढ्यात हे उठून बसले आणि म्हणाले, "बंडल कुठाय?" याला वैद्यकात नाव आहे, आणि फ्रान्समधल्या शार्को या नामांकित डॉक्टरांनी १८७६ सालीच याचं वर्णन करून ठेवलं आहे. छातीतल्या दाबामुळं हृदयाकडं परतणारं रक्त अडतं, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणसाची शुद्ध हरपते. काही सेकंदांचा मामला. पण तेवढ्या सेकंदांत माणूस कुठं आहे, यावर सगळं अवलंबून. आमचे हे गृहस्थ रोज पंधरा मैलांवरून मोटारसायकलनं यायचे. त्यांनी आम्हां सगळ्यांना हात जोडून सांगितलं, 'घरी बोलू नका, पोरं गाडी काढून घेतील.' आम्ही बोललो नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं. नशीब त्यांचं, की गाडीवर असताना कधी तसं झालं नाही.

रहीमच्या एका दोह्यात ज्या गोष्टी दडपून दडपत नाहीत त्यांची यादी आहे, आणि त्यात खोकला आहे. ते खरंच आहे. खोकला भिंतीपलीकडं ऐकू जातो. पण खोकल्याच्या मागून जे येतं, ते माणसं वर्षानुवर्षं उत्तम दडपतात. याची मला स्वतःच्या घरात जी ओळख पटली, ती सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

माझा खोकला २०२१ च्या दिवाळीत सुरू झाला. कोरडा, घशात पीस फिरवल्यासारखा. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरलेली, त्यामुळे भाजीवाल्यापुढं खोकलो की रांगेत माझ्या पुढंमागं आपोआप मोकळी जागा व्हायची. चाचणी केली, ती निगेटिव्ह. मग घरात अडुळसा आला, ज्येष्ठमध आलं, हळद-दूध आलं, शेजाऱ्यांच्या सासूबाईंनी सांगितलेली रुईच्या पानांची धुरीसुद्धा झाली. सिरपच्या बाटल्या तर खिडकीत ओळीनं उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकानं झोप यायची, पण पोट असं बांधलं जायचं की सकाळ वाया. माझ्या पिढीतल्या सांगली-मिरजेच्या माणसाला लांबलेला खोकला म्हटलं की वानलेसवाडी आठवते. तिथल्या क्षयरोगाच्या सॅनेटोरियमचं नाव लहानपणी घरात हळू आवाजात घेतलं जाई. त्यामुळे थुंकी तपासून घेतली. तीही निर्दोष. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि खोकला घरचाच झाला. 'खोकलाच तर आहे!' असं मीच लोकांना सांगू लागलो. सौ. हॉलमध्ये दिवाणावर झोपू लागली. 'तुम्हाला मोकळं झोपता यावं म्हणून' असं ती म्हणे. मोकळं कुणाला झोपायचं होतं, ते मला कळत होतं.

बरगडीनंतर मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. माझ्या मुलीच्या वयाच्या बाई. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "काका, तुम्ही ज्या ज्या गोळ्या घेता त्या सगळ्या एका पिशवीत घालून उद्या घेऊन या." दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी टेबलावर ओतली, एक पट्टी उचलली आणि विचारलं, "ही कधीपासून?" ती रक्तदाबाची गोळी होती, रॅमिप्रिल. २०२१ च्या गणपतीत सुरू झालेली. या जातीच्या गोळ्या उत्तम असतात, हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपतात. पण काही जणांना त्यांनी असा कोरडा खोकला लागतो, कधी आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. त्यांनी गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली. पाच आठवड्यांत माझा खोकला गेला. (हे वाचून कुणी आपली रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. बदलायची ती डॉक्टरांनीच. खोकल्यापायी पक्षाघात ओढवून घेण्यात अर्थ नाही.)

बँकेत दिवसअखेर हिशेब जुळेना की नवीन पोरं मोठ्या फरकाला घाबरत. जुने अधिकारी लहान फरकाला घाबरत. दहा हजारांचा फरक असला तर एखादं व्हाउचर राहिलं असणार, ते सापडतं. पण दहा रुपयांचा फरक म्हणजे कधीकधी दोन मोठ्या चुका एकमेकींच्या आड उभ्या असतात. 'दहाच रुपये आहेत, मी घालतो खिशातून' म्हणणाऱ्या एका उत्साही क्लार्कला आमच्या मॅनेजरांनी रात्री दहापर्यंत बसवून ठेवलं होतं. मी हे इतरांना वर्षानुवर्षं शिकवलं, आणि स्वतःच्या खोकल्याचे दहा रुपये मात्र दहा महिने खिशातून भरत राहिलो.

पण खरी मोठी चूक पुढंच सापडायची होती.

त्या पिशवीच्या दिवशीच डॉक्टरबाईंनी मला प्रश्नांची एक सरबत्ती केली होती. खोकताना चक्कर येते का? उलटी होते का? जांघेत फुगवटा दिसतो का? रात्री किती वेळा उठता? आणि अगदी त्याच आवाजात, 'खोकताना कपडे ओले होतात का?' मी गडबडलो. नाही म्हणालो. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "पुरुषांत कमी असतं. बायकांत खूप. पण एक बाई स्वतः होऊन सांगेल तर शपथ. खोकला सांगायला येतात, हे सांगत नाहीत. बरोबरच्या माणसाला बाहेर बसवून विचारावं लागतं."

परतताना रिक्षात सौ. गप्प होती. घराचं कुलूप उघडताना म्हणाली, "अहो, आक्कांना तेच आहे."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तासगाव तालुक्यात दिलेली. चौदा माणसांचं घर, चार बाळंतपणं, आणि गॅस यायच्या आधीची तीसएक वर्षं शेणी अन् तुरकाट्यांच्या चुलीपुढं. सकाळी उठल्यावर तिचा खोकला तासभर चाले, हे माहेरच्या माणसांना इतकं ओळखीचं होतं, की ती आली आहे हे आम्ही खोकल्यावरूनच ओळखायचो. ही आक्का दरवर्षी वारीला जायची. कुणाचं लग्न असो, बारसं असो, दोन दिवस आधी हजर. २०१४ च्या सुमाराला तिनं वारी सोडली. मग लग्नंकार्यं सोडली. भजनाला जाणं सोडलं. माझ्या मुलीच्या लग्नाला २०१६ साली आली ती गडद रंगाचं लुगडं नेसून, आणि मागच्या दाराजवळची खुर्ची धरून बसली ती बसलीच. फोटोला ये म्हटलं तर आली नाही. 'आक्का हल्ली तुसडी झाली' असं मी त्या दिवशी दाजींना म्हणालो होतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. माझ्या २०१९ सालच्या कादंबरीत एक म्हातारी आहे. ती हळूहळू एकेका गोष्टीतून मन काढून घेते. वारी, गोतावळा, सणवार, सगळं सोडून ओसरीवरच्या एका खांबाला टेकून बसते. तिच्या विरक्तीवर मी एक आख्खं प्रकरण लिहिलं. पुष्कळ वाचकांची पत्रं आली. एका समीक्षकांनी त्यातल्या अध्यात्मावर दोन परिच्छेद लिहिले. ती म्हातारी म्हणजे आक्का, हे मी अभिमानानं घरात सांगितलं होतं.

ती विरक्ती नव्हती. मागच्या दाराजवळची खुर्ची मोरी जवळ म्हणून धरलेली होती. लुगडं गडद होतं, कारण त्यावर ओल दिसत नाही. एस.टी.त बसायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी पीत नसे. भजनात टाळ वाजवताना खोकला आला तर काय, म्हणून भजन सुटलं. सौ.ला हे मुलीच्या लग्नातच कळलं होतं, कारण आक्काला घाईनं दुसरं लुगडं लागलं होतं. "तुम्ही ते प्रकरण वाचून दाखवलंत तेव्हा मला सांगावंसं वाटलं होतं," ती म्हणाली, "पण त्यांनी माझ्या पोरीची शपथ घातली होती."

माझ्या खोकल्यानं बरगडी मोडली, तर गावभर चर्चा झाली, फळं घेऊन माणसं आली. तिच्या खोकल्यानं आठ वर्षांचं आयुष्य नेलं, आणि मी त्यावर साहित्य लिहिलं.

आक्काला डॉक्टरांकडं न्यायला सौ. एकटी गेली. मी नको, हे दोघींचं ठरलं होतं. तिथं तिला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. "चुलीत फुंकून जन्म गेला, आता डाक्टरीणपण फुंकच म्हणतीया," असं आक्का म्हणाली म्हणे. चुलीच्या धुरानं श्वासनळ्या आकसल्या होत्या. विडी न ओढता विडीवाल्याचा आजार, आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या असंख्य बायकांचा. ओढायचा पंप मिळाला. पंपाची सवय लागते, मग तो सुटत नाही, या समजुतीपायी तिनं तो पहिले पंधरा दिवस देव्हाऱ्यात ठेवला होता, तो भाग वेगळा. आणि दुसऱ्या गोष्टीसाठी एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिला व्यायाम शिकवला. लघवी रोखून धरताना आपण जे स्नायू आवळतो तेच, पण एरवी, दिवसातून ठरावीक वेळा आवळायचे आणि सैल सोडायचे. आर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ साली हा व्यायाम मांडला. त्यात आणखी एक युक्ती, उबळ येतेय असं वाटलं की खोकण्याआधी ते स्नायू आवळून धरायचे. बसल्या जागी, पोथी वाचताना, शेंगा फोडताना करता येतो, शेजारच्याला कळतही नाही. मात्र तीनेक महिने चिकाटी लागते. आक्काचा त्रास पूर्ण गेला असं नाही. निम्म्याहून कमी झाला. खोकलाही सकाळच्या तासाऐवजी पंधरा मिनिटांवर आला.

म्हणजे आठ वर्षांत एकदा कुणीतरी विचारायचं होतं, एवढंच. तिच्या घरात डॉक्टर येत नव्हते असं नाही. त्यांनी सिरप दिलं. आपल्याकडं खोकल्याला सिरप द्यायचं आणि सिरपनं दबला की बरा झाला म्हणायचं, अशी रीत आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं विषारी द्रव मिसळलेल्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतली कितीतरी आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत आणली होती. तेव्हा थोडे दिवस आपण बाटलीवरची अक्षरं वाचली. पुन्हा आपलं मागल्या पानावरून पुढं. वास्तविक दोन आठवडे खोकला टिकला की थुंकी तपासावी, सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या पुढं गेला, तर तो जुनाट म्हणून धरायचा आणि त्याचं कारण शोधायचं. नाकातून घशात उतरणारा शेंबूड, दमा, पोटातलं आम्ल, धूर, तंबाखू, नाहीतर माझ्यासारखी एखादी गोळी. कारण बहुतेकदा सापडतं. पण ते शोधताना खोकल्यानं आतापर्यंत काय काय मोडलं, याचीही चौकशी करायला हवी, आणि ती डॉक्टरांनी करावी तशी घरच्यांनीही. आई वा सासू आताशा प्रवासाला नाही म्हणते, पाणी कमी पिते, कार्यात मागं बसते, हे आपल्याला दिसत असतं. आपण त्याला वय म्हणतो, स्वभाव म्हणतो. माझ्यासारखे काही त्याला अध्यात्मही म्हणतात. आणि एस.टी. स्टँडवरची बायकांची मुतारी हा नाक मुरडून सोडून द्यायचा विषय नाही, हेही जाता जाता लिहून ठेवतो. ती बरी असती तर आक्काची काही वर्षं तरी वाचली असती.

हे लिहू का, असं मी आक्काला विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. माझं नाव, गाव घालू नगंस. आन् त्या कादंबरीतल्या म्हातारीला तेवढं खांबापास्नं उठीव की बापू. किती वर्षं बसवून ठेवलंयस तिला."

२०२४ च्या कार्तिकीला आम्ही तिघं एस.टी.नं पंढरपूरला निघालो. पंचाहत्तरी उलटल्यामुळं आक्काला तिकीट नव्हतं, मला अर्धं. मिरज सोडल्यावर तिनं दोनदा पंप ओढला, पिशवीतला टॉवेल घडी करून बुडाखाली घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली. सांगोल्याच्या स्टँडवर गाडी थांबली. मी खाली उतरून तिघांचा चहा सांगितला आणि सवयीनं म्हणालो, "त्यातला एक अर्धाच दे."

खिडकीतून आक्काचा आवाज आला, "अर्धा कुणाला रं? भरून दे म्हणावं."